घरच्या आजारपणावर प्रबंध : नाव बदललं की झालं का?

प्रश्न : मी एम.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या वर्षाला आहे. धाकट्या भावाला सहा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. घरच्या अनुभवावरच प्रबंध करायचा आहे, पण मार्गदर्शक म्हणतात, ‘हे आत्मचरित्र झालं.’ आणि भावाचं नाव बदललं की पुरेल ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मार्गदर्शकांची शंका रास्त आहे. पण स्वानुभवाचं संशोधन, म्हणजे ऑटोएथ्नोग्राफी, ही मान्य पद्धत आहे. सहा वर्षांची कहाणी मात्र लिहू नका, रोजचा एकच प्रसंग धरा. समजा, रात्रीची गोळी. आई विचारते, ‘घेतलीस का?’ भाऊ ‘हो’ म्हणून खोलीत जातो, आई मागाहून पाकिटातल्या गोळ्या मोजते. असे आठ-दहा प्रसंग तीन रकान्यांत उतरवा : कोण नेमकं काय बोललं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं, आज काय वाटतं. शेवटचे दोन रकाने हमखास एकमेकांत मिसळतात आणि आजचं शहाणपण तेव्हाच्या खाती जमा होतं.

तारखा केसपेपर, औषधांची बिलं, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज यांच्याशी ताडून पाहा. घरात सगळे ‘दिवाळीत अ‍ॅडमिट केलं’ म्हणतात आणि केसपेपरवर जून असेल, तर दुरुस्ती करून मोकळ्या होऊ नका. घराला दिवाळीच का आठवते, हाच तुमचा ऐवज.

मग सिद्धांत. ब्राउन, बर्ली आणि विंग यांच्या 1972च्या लंडनमधील अभ्यासात 101 रुग्ण होते. घरच्यांची टीका, वैरभाव किंवा अतिकाळजी जास्त होती तिथे नऊ महिन्यांत 58 टक्के रुग्णांचा आजार उलटला, इतर घरांत 16 टक्के. हे आजार उलटण्याबद्दल आहे, होण्याबद्दल नाही. ‘आईमुळे झालं’ असं चुकूनही लिहू नका. फॅमिली थेरपी, म्हणजे सगळ्या घराला धरून केलेले उपचार, एकमेकांच्या वागण्याचं चक्र बघते : आई विचारते म्हणून तो लपवतो, तो लपवतो म्हणून आई विचारते. त्या चक्रात तुम्ही काय करत होतात? नुसत्या बघत होतात, की आईला गोळ्यांचा हिशेब देत होतात? इथे हात आखडता घेतलात तर मार्गदर्शकांचंच म्हणणं खरं ठरेल.

नाव बदलून काही होत नाही. मुखपृष्ठावर तुमचं नाव, आत ‘माझा धाकटा भाऊ’. मग लपलं काय? संशोधनातल्या नीतीचे अभ्यासक मार्टिन टोलिच यांनी 2010 मध्ये बजावलंय : ज्यांच्याबद्दल लिहिताय ते सगळे एक दिवस हे वाचतील असं धरूनच लिहा. भावाची संमती लिहिण्याआधी घ्या, कच्चा खर्डा दाखवून पुन्हा विचारा, प्रबंध देण्यापूर्वी तिसऱ्यांदा. तो आजाराच्या भरात असेल तर थांबा, आईची सही त्याच्या बदली चालवू नका. केसपेपरही त्याचाच, तो उघडायलाही त्याचा होकार हवा. तो नाही म्हणाला तर विषय तुमच्यापुरता ठेवा : बहीण म्हणून तुमची झोप, तुमच्या सुट्ट्या, तुमचं घाबरणं. तेवढ्यातही तो दिसणारच, तेव्हा ते भागही त्याला दाखवा.

कॉलेजच्या एथिक्स कमिटीकडे अर्ज कामाआधी जायला हवा. जुनी डायरी वापरणार असाल तर ती संशोधनासाठी लिहिलेली नव्हती, हे अर्जातच नमूद करा.