फोड तांबूस व्हायच्या आत

खानापूरहून रोज येजा करून तू सफरचंदातली संयुगं यंत्रावर ओळखायला शिकतोयस, म्हणून ताईच्या हक्कानं सांगते: यंत्राच्या आधी सुरीकडे लक्ष दे. बेळगावच्या बाजारातून आणलेलं काश्मिरी सफरचंद चिरलं की बघता बघता फोड तांबूस होते. आपण जी फिनॉलिक संयुगं (क्लोरोजेनिक आम्ल, क्वेर्सेटिन अशी) शोधतोय, त्यांनाच एन्झाइम खात असतं. मी पहिल्या वर्षी फोडी टेबलावर ठेवून चहाला गेले. परत येऊन बघते तर यंत्राच्या आलेखावर क्लोरोजेनिक आम्लाचं शिखर पार बसलेलं. अख्खा दिवस वाया! तेव्हापासून फोड थेट द्रव नायट्रोजनमध्ये, नाहीतर थंड, आम्ल घातलेल्या मिथेनॉलमध्ये.

साल आणि गर वेगळे काढ. क्वेर्सेटिनची ग्लायकोसाइड्स, म्हणजे साखर जोडलेली रूपं, मुख्यतः सालीतच असतात.

एचपीएलसीवर, म्हणजे अर्कातली संयुगं वेगळी करणाऱ्या यंत्रावर, एपिकॅटेचिन, प्रोसायनिडिन, फ्लोरिझिन ही संयुगं प्रकाशाच्या २८० नॅनोमीटर तरंगलांबीला बघ, क्लोरोजेनिक आम्ल ३२० ला, क्वेर्सेटिनवाले ३६० ला, सालीचा लाल रंग ५२० ला.

मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे आयनांचं वस्तुमान दाखवणाऱ्या आलेखात, निगेटिव्ह मोडला (ऋणभारित आयन मोजताना) ४६३ दिसलं म्हणून घाईनं नाव लिहू नकोस. क्वेर्सेटिनचं गॅलॅक्टोसाइड आणि ग्लुकोसाइड, दोघांचं वस्तुमान तेच आणि तुटून मिळणारा ३०१ चा तुकडाही तोच. स्टँडर्ड, म्हणजे शुद्ध ओळखीचा नमुना, चालवून रिटेन्शन टाइम (यंत्रातून बाहेर पडायची वेळ) जुळव, मगच वहीत लिही.

फ्लोरिझिन मात्र नीट ओळखायला शीक, ४३५ आणि तुकडा २७३. ती सफरचंदाची खूणच. नासपतीच्या रसात ठळक सापडली, तर सफरचंदाच्या रसाची भेसळ तपासायला घे.