2012 चा लॅपटॉप, 4 जीबी रॅम: विंडोज 7, 10, 11 की लिनक्स, काय टाकावं?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: तिसऱ्या पिढीचा कोअर आय-3, 4 जीबी रॅम, 500 जीबीची जुनी हार्ड डिस्क आणि त्यावर रडतखडत चालणारी विंडोज 10. काम म्हणजे ब्राउझर, व्हिडिओ आणि थोडंफार टायपिंग. विंडोज 7 वर परत जावं, की काहीतरी खटपट करून 11 टाकावी, की लिनक्स घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत: आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरता भाग नसलेली, कितीतरी वेगवान डिस्क) बसवा आणि मग त्यावर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती टाका. फक्त विंडोजवरच चालणारं एखादं सॉफ्टवेअर अडून बसलं असेल, तरच विंडोज 10 ठेवा.

विंडोज 7 चं आधी सांगतो, कारण "जुन्या मशीनला जुनी विंडोज" हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. विंडोज 7 हलकी आहे, यात वादच नाही. पण तुमचा सगळा वेळ जातो ब्राउझरमध्ये, आणि आजच्या वेबसाइट्स 2012 सालच्या राहिलेल्या नाहीत. खाली कुठलीही ऑपरेटिंग सिस्टीम असो, पाच-सहा टॅब उघडले की रॅम तेवढीच जाणार. वर क्रोमची विंडोज 7 वर चालणारी शेवटची आवृत्ती 109, म्हणजे 2023 च्या सुरुवातीची. त्यानंतर साइट्स एकेक करून बिघडायला लागतात. सुरक्षा अपडेट्स तर 14 जानेवारी 2020 लाच थांबली. ज्या मशीनवरून बँकेचं लॉगिन करायचं, तिथे हे चालणार नाही. 8.1 ची गतही तीच, तिचा सपोर्ट 10 जानेवारी 2023 ला संपला.

आता एक छोटी तपासणी करा. लॅपटॉप सुरू झाल्यावर टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कचा रकाना बघा. काहीच न करता तो बराच वेळ 100 टक्क्यांवर अडकलेला दिसत असेल, तर दोष प्रोसेसरचा नाही, डिस्कचा आहे. विंडोज 10 मागे सतत काही ना काही वाचत-लिहीत असते: अपडेट, अँटिव्हायरस, सर्च इंडेक्सिंग. रॅम कमी पडली की उरलेला डेटाही डिस्कवरच ढकलते. फिरत्या डिस्कला अशी चारी बाजूंनी मागणी झेपत नाही. तुमच्या काळातल्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्याच आकाराची आणि जोडणीची) सहसा स्क्रू काढून सरळ बसते. आवृत्ती बदलून जेवढा फरक पडेल, त्यापेक्षा जास्त फरक या एका बदलाने पडतो, हे मी पैजेवर सांगतो.

रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा असेल तर 8 जीबी करून घ्या. मात्र खरेदीआधी आतली पट्टी काढून तिच्यावरचं लेबल वाचा. डीडीआर3 आणि कमी व्होल्टेजची डीडीआर3एल असे दोन प्रकार असतात.

विंडोज 11 ला अधिकृतपणे टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टीम अस्सल आहे का हे तपासणारी सोय) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तुमचा तिसऱ्या पिढीचा. या अटी चुकवून ती टाकता येते, आणि तुमच्या प्रोसेसरवर ती सुरूही होईल. (कोअर टू ड्युओ असता तर 24एच2 (विंडोज 11 ची 2024 सालची आवृत्ती) पासून पुढच्या आवृत्त्या सुरूच झाल्या नसत्या.) पण अशा मशीनला अपडेट्स मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि मोठी वार्षिक आवृत्ती आली की तीच खटपट पुन्हा. 4 जीबीवर एवढा उपद्व्याप कशासाठी करायचा?

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट्सची जी योजना जाहीर झाली, ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची, आणि त्यासाठी विंडोज 10 ची शेवटची आवृत्ती, 22एच2, असावी लागते. तुमची कोणती आहे हे 'रन'मध्ये विनव्हर (winver) टाइप करून कळेल. एलटीएससी नावाची, जास्त वर्षं अपडेट्स मिळणारी आवृत्तीही लोक सुचवतील. ती चांगली आहे, पण तिचा परवाना संस्थांसाठी असतो, तुम्हा-आम्हाला तो सरळ विकत मिळत नाही. आणि कुणीतरी कापून-छाटून बनवलेली 'सुपर लाइट' विंडोज? हातही लावू नका. आत काय घातलंय हे बनवणाऱ्यालाच माहीत.

राहिलं मिंट. सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई अशा तिच्या तीन आवृत्त्यांपैकी एक्सएफसीई सर्वांत हलकी. खाली मेनू, टास्कबार, सगळं ओळखीच्या जागी, त्यामुळे विंडोजवरून आलेला माणूस गोंधळत नाही. मिंटची 22 ही मालिका उबुंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि 2029 पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. 2 जीबीवरही चालते, 4 जीबी असावी अशी शिफारस आहे. याहून हलक्या अँटीएक्स, पपी वगैरे लिनक्स आवृत्त्या आहेत, पण त्यांची गरज 1-2 जीबीवाल्या मशीनला. गूगलची क्रोमओएस फ्लेक्सही 4 जीबीवर चालते, पण तिच्यात अँड्रॉइड अ‍ॅप्स येत नाहीत, आणि मग मला तिचं फारसं आकर्षण उरत नाही.

मिंट टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न टाकता, चालवून बघा. त्यात वेग तपासू नका, पेनड्राइव्हमुळे तो संथच वाटणार. तपासायचं ते वायफाय, आवाज, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं, प्रिंटर आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन नीट जागं होतं का. ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड असेल तर ते सुरुवातीला दिसणार नाही, अशी शक्यता आहे. तेव्हा घाबरून परत फिरू नका. मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट द्या, ड्रायव्हर मॅनेजर उघडा, बहुतेक वेळा ड्रायव्हर तिथेच सापडतो. एमएस ऑफिस मात्र मिळणार नाही. लिब्रेऑफिस या मोफत पर्यायात साधी पत्रं, तक्ते व्यवस्थित होतात, पण मॅक्रो भरलेल्या एक्सेल फाइल्स रोज लागत असतील तर तुम्ही विंडोज 10 वालेच.

एसएसडी नवी घेतलीत तर जुनी हार्ड डिस्क तशीच काढून ठेवा, फॉरमॅट करू नका. मिंट नाही जमलं तर ती परत लावली की तुमची विंडोज जशीच्या तशी सुरू होईल.