‘डूलॅली’ची व्युत्पत्ती लिहिताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

‘डूलॅली’ या इंग्रजी शब्दावरचं तुझं टिपण वाचलं. अर्थ बरोबर दिला आहेस: डोकं फिरलेला, भ्रमिष्ट. नाशिकजवळच्या देवळालीवरून तो आला, हेही बरोबर. पण गावाच्या नावाला वेडाचा अर्थ का चिकटला, हे टिपणात कुठेच नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी शब्दाचं जुनं, पूर्ण रूप घे: ‘डूलॅली टॅप’. ब्रिटिश सैनिक-खलाशांच्या बोलीचा कोश १९२५ साली छापला गेला, त्यात ते लष्करातला जुना शब्द म्हणून नोंदलं आहे. म्हणजे तोंडी वापर त्याआधीचा. ‘टॅप’ म्हणजे ताप, ज्वर. पुढे तो गळाला आणि नुसतं ‘डूलॅली’ विशेषण होऊन राहिलं.

इथे आपण मराठी माणसं घाई करतो आणि हा ‘ताप’ मराठीच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. गोऱ्या सैनिकांची कामचलाऊ भाषा हिंदुस्थानी होती. तीत फारसीतून आलेला ऱ्हस्व ‘तप’ याच अर्थाने होता. संस्कृत ‘ताप’ आणि फारसी ‘तप’ मुळात एकाच घराण्यातले, पण शब्द आला कोणत्या वाटेने, ते महत्त्वाचं. ‘हिंदुस्थानीतून’ असंच लिही. गावाचं नाव तेवढं आपलं.

उच्चाराचे टप्पे एकाखाली एक मांड. इंग्रजी जिभेला ‘ळ’ नाही, तिथे ‘ल’ आला. ‘व’चा ‘ओ’ रोमन स्पेलिंगमध्येच झाला होता. त्या ‘देओ’चं सैनिकांच्या तोंडी ‘डू’ झालं आणि आघात ‘लॅ’वर गेला.

आता कारण. देवळालीची छावणी १८६१ पासूनची, मुंबईपासून सुमारे १०० मैलांवर. नोकरीची मुदत संपलेले सैनिक तिथे मायदेशीच्या जहाजाची वाट बघत. ही जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. मार्चनंतर मुदत भरली, की अख्खा उन्हाळा आणि पावसाळा तिथेच काढायचा! फ्रँक रिचर्ड्स या सैनिकाच्या १९३६ च्या आठवणी जरूर वाच. या लोकांकडे शस्त्रं नसत, अधूनमधून एखादी कूच सोडली तर दिवस खायला उठे, आणि एरवी निष्कलंक असलेले सैनिकही भानगडीत पडून तुरुंगात जात, असं तो सांगतो. शब्द या कंटाळ्यातून आला, हे मात्र त्याने ‘मला वाटतं’ म्हणून लिहिलं आहे. तूही ते त्याचं मत म्हणूनच दे.

‘तिथे वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द’ ही ओळ मात्र काढ. तिला तू एकही तारीखवार पुरावा जोडलेला नाहीस, आणि ताप व रिकामपण एवढ्यावर अर्थ लागतो. पुढेमागे एखादा दप्तरी कागद हाती लागलाच, तर त्याचं साल शब्दाच्या पहिल्या नोंदीच्या आधीचं आहे ना, ते बघ.

कळावे.