रानात झाडं दिसतात, मग धोका कसला?

प्रश्न : ताई, आमच्या मसाल्यात रामपत्री, म्हणजे बीवरचं जाळीदार आवरण, रानातलीच असते. ती ज्या रानजायफळाची, ते झाड जगाच्या लाल यादीत 'असुरक्षित' आहे म्हणे. इथे तर झाडं दिसतात. मग हे ठरवतात कशावरून?
– एक वाचक, दोडामार्ग

उत्तर : तुम्हाला झाडं दिसतात हे खरं, आणि यादीही खोटी नाही. आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची लाल यादी एका गावापुरतं बघत नाही, जातीचा सगळा पसारा बघते. जायफळाच्या कुळातल्या पाच जाती पश्चिम घाटात आहेत. प्रत्येकीचा हिशेब वेगळा. नकाशावर २ किमी बाय २ किमीच्या चौकटी आखायच्या आणि जात जिथे नक्की सापडली तेवढ्याच मोजायच्या. त्यांच्या क्षेत्राची बेरीज २,००० चौरस किमीच्या आत आली, शिवाय रान तुकड्यांत उरलं असेल आणि घटतही असेल, तर जात असुरक्षित. ५०० च्या आत आली तर संकटग्रस्त. संख्या किती टक्क्यांनी घटली यावरूनही ठरवतात, पण इतक्या सावकाश वाढणाऱ्या झाडांची जुनी मोजदाद सहसा हाती नसते.

चौकटी भरणं मात्र जिकिरीचं. हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, जुन्या नमुन्याच्या चिठ्ठीवर कधी नुसतं 'कोकण' असतं. गाव नाही, ओहोळ नाही. असा नमुना कितीही देखणा असला तरी मी मोजणीत धरत नाही.

तुमच्याच तालुक्यातलं हेवाळे-बांबर्डे घ्या. तिथल्या राईत दलदलीतलं जायफळ, याच कुळातली दुसरी जात मिरिस्टिका मॅग्निफिका, चिखलात आधारमुळं रोवून उभं आहे. २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ झाली, याचा मला फार आनंद आहे. पण क्षेत्र जेमतेम अडीच हेक्टर. वरच्या अंगाला पाणी वळवलं की संपलं. दक्षिणेकडे अशा कितीतरी दलदली भातशेती आणि सुपारीच्या बागांखाली गेल्या.

म्हणून मोठी झाडं बघून मी निर्धास्त होत नाही, आधी झाडाखाली वाकून रोपं शोधते. पत्रीसाठी फळं कच्ची ओरबाडली की बी रुजत नाही. पिकलेलं बीसुद्धा वाळलं की मरतं. धनेश पक्ष्याला फळं उरली नाहीत, तर बी लांब नेणार कोण?

तेव्हा फळ झाडावरच उकलू द्या, पत्री काढून झाली की बी ओलं असतानाच सावलीत रुजवा. नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. फळं धरणारी किती, खाली गुडघाभर उंचीची रोपं किती, हे वाडीच्या नावासकट लिहून पाठवा. मला ते हवं आहे.