द्राक्षबागेवर गाबा फवारलं तर झाडाचा ताण जातो का?

गाबा म्हणजे गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल, आपल्या मेंदूत चेतापेशींना शांत करणारं एक अमिनो आम्ल. विचारणाऱ्यांची निफाडकडे थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे. दुकानदार त्यांना म्हणतो, झाडालाही चेतासंस्था असते, अमिनो टॉनिकातलं गाबा तिला शांत करतं, थंडीआधी मारा. खरं का, आणि किती मारायचं?

चेतासंस्था नसते. चेतापेशीच नाहीत तर संस्था कुठली! पण 'गाबा मेंदूतलं, त्याचा झाडाशी काय संबंध' असं म्हणून हसणारे कृषी पदवीधर मला दुकानदाराइतकेच खटकतात. गाबा 1949 साली बटाट्यात सापडलं, सस्तन प्राण्यांच्या मेंदूत त्याच्या पुढच्या वर्षी. मेंदूत निरोप नेणारी इतर रसायनंही झाडांत असतात: खाजकुहिलीत सेरोटोनिन आहे, केळीच्या सालीत डोपामिन आहे. त्यांना कोणी मेंदू चिकटवत नाही.

झाड गाबा स्वतःच बनवतं, ग्लुटामेट या दुसऱ्या अमिनो आम्लापासून. थंडी पडली, पान दुखावलं की पेशीत कॅल्शियम वाढतं, त्याने ग्लुटामेट डिकार्बॉक्सिलेज हे एन्झाइम जागं होतं आणि काही मिनिटांत गाबा कित्येक पटींनी चढतं. मुळाशी पाणी साचून हवा तुटली की पेशीरस आंबतो, तेव्हाही हेच एन्झाइम जोर धरतं. ऑक्टोबर छाटणीनंतर काळ्या जमिनीत पाऊस रेंगाळला की पांढऱ्या मुळीत हेच चालतं. पुढे गाबाचं सक्सिनेट होऊन ते श्वसनाच्या चक्रात परत जातं. म्हणजे ते नुसता निरोप नाही, इंधनही आहे.

निरोपाची बाजू ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या गटाने 2015 साली दाखवली: पेशीच्या पडद्यातून मॅलेट (मॅलिक आम्लाचं रूप) ये-जा करू देणाऱ्या एएलएमटी नावाच्या वाहिन्या गाबा दाबतं. 2021 साली पुढचं कळलं. पानावरच्या बारीक छिद्रांच्या, म्हणजे पर्णरंध्रांच्या, कडेला असलेल्या रक्षक पेशींत गाबा साठलं की ती रंध्रं कमी उघडतात आणि पाणी वाचतं. रंध्र कमी उघडलं तर कार्बन डायऑक्साइडही कमीच आत येणार. ऐन मणी फुगताना तुम्हाला हे हवंय का? शिवाय द्राक्षात याच कुळातली एएलएमटी9 मण्यात मॅलिक आणि टार्टरिक आम्ल भरते. दुकानदाराला गोडी-आंबटपणाचं विचारून बघा.

आता बाटली. बहुतेक अमिनो टॉनिकं प्रथिनं फोडून बनतात: सोयाबीन, चामडं, मासळी. गाबा प्रथिनात नसतंच! प्रथिन कितीही फोडा, त्यातून ग्लायसिन, प्रोलिन, ग्लुटामेट मिळेल, गाबा मिळणार नाही. ते वेगळं घातलं असेल किंवा किण्वनातून आलं असेल तरच बाटलीत असतं. म्हणून लेबलवर 'एकूण अमिनो आम्ल 20 टक्के' वाचून खूश होऊ नका, गाबा किती ग्रॅम ते विचारा. अशी टॉनिकं ज्यात मोडतात ती बायोस्टिम्युलंट (जैव-उत्तेजकं) 2021 पासून खत नियंत्रण आदेशात आलेत, घटक न सांगणाऱ्याकडून घेण्याचं काही कारण उरलेलं नाही.

मात्रा म्हणाल तर, 1 मिलिमोलर द्रावण म्हणजे लिटरला 103 मिलिग्रॅम, 15 लिटरच्या पंपाला साधारण दीड ग्रॅम. एकरी 400 लिटर पाणी धरलं तर 41 ग्रॅम. पण त्यात नत्रही आहे, लिटरला 14 मिलिग्रॅम. म्हणून नुसत्या पाण्याशी तुलना करून 'फरक पडला' म्हणणं फसवं. तीन गट करा: पाणी आणि स्टिकर (फवारा पानाला चिकटवणारं द्रव्य), गाबा आणि स्टिकर, तेवढंच नत्र देणारा लिटरला 30 मिलिग्रॅम युरिया आणि स्टिकर. प्रत्येक गटाच्या पाच वेलींच्या चार तुकड्या बागेत विखुरलेल्या ठेवा, मध्ये एकेक वेल सोडा. घड आधीच खुणेने बांधून ठेवा आणि त्याच घडांतले मणी व्हर्नियरने (जाडी मोजायच्या साधनाने) मोजा, नाहीतर डोळा चांगलेच घड निवडतो. पानांचे नमुने प्रयोगशाळेत गाबासाठी पाठवणार असाल तर तोडताच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवावे लागतात. हाताळण्यानेच गाबा वाढतं आणि आकडा वाया जातो.

   

हो, रंध्रांचं ते काम मुख्यतः अ‍ॅराबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपावर झालंय. त्यात भर झाडाने स्वतः बनवलेल्या गाबावर होता. तुमच्या पानावर पडलेलं किती आत जाईल ते पानाच्या मेणावर आणि फवारा वाळण्याच्या वेगावर ठरतं, आणि पानावरचे जिवाणूही ते खातात. निर्यातीची बाग असेल तर घटक न कळणारं काहीही मारू नका. आणि अमिनो टॉनिक कॉपरच्या फवाऱ्यात मिसळू नका: अमिनो आम्ल तांब्याला धरून आत नेतं आणि कोवळी पानं जळतात. निफाडच्या थंडीत पहाटे ठिबकने पाणी द्या, शेकोट्या करा. दुकानदाराच्या बाटलीआधी हे.