एफडी मोडून मुलीला जर्मनीला पाठवावं का?

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलंय. ते अंबड एमआयडीसीत नोकरीला, पत्नी खासगी शाळेत शिक्षिका. दोघांचे मिळून महिन्याला 85 हजार हातात येतात, त्यातले 18 हजार घराच्या हप्त्यात जातात. मुलगी इतिहासात एमए करतेय, पहिलं वर्ष संपत आलंय. ऑक्टोबर ते मार्च अशा एका सेमिस्टरसाठी जर्मनीतल्या एका विद्यापीठात तिची निवड झाली आहे. ट्यूशन फी माफ, बाकी खर्च घरचा. तिच्या लग्नासाठी ठेवलेली 8 लाखांची तीन वर्षांची एफडी डिसेंबरमध्ये पिकते. सेव्हिंगला दीड लाख, पीपीएफमध्ये सहा लाख. धाकटा यंदा दहावीला. मेहुणे म्हणतात, सिंहस्थ तोंडावर आलाय, त्र्यंबक रोडच्या बाजूला प्लॉटचं पाच लाख बुकिंग करून टाका, पोरगी काय नंतरही जाईल. मुलगी म्हणते, शैक्षणिक कर्ज काढा, मी फेडीन. महिनाअखेर होकार कळवायचा आहे.

दादा, आधी मेहुण्यांचा विषय मिटवू, कारण तो सोपा आहे. 2027 चा सिंहस्थ सगळ्या नाशिकला ठाऊक आहे, त्यामुळे तो भावातही केव्हाच आलेला आहे. सात-बारा, एनएचा म्हणजे बिनशेतीचा आदेश, रस्त्याची नोंद यातलं काहीच पत्रात नाही, नुसता बुकिंगचा आकडा आहे. असा व्यवहार मुलीचा प्रश्न नसता तरी मी करू दिला नसता. प्लॉट बाजूला ठेवा.

आता जर्मनी. ‘फी माफ’ हे शब्द वाचून घरात आनंद झाला असेल, पण तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांनाही ट्यूशन फी नसतेच. एक्स्चेंजमध्ये खरा खर्च राहण्या-खाण्याचा. व्हिसासाठी जर्मनी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, महिन्याला 992 युरो या हिशेबाने पैसे आधीच भरलेले मागते. सहा महिन्यांचे झाले 5,952 युरो. युरो 105 रुपये धरला तर सव्वासहा लाख. त्यात विमानाचं जाणं-येणं 75 हजार, व्हिसाचे 75 युरो, विद्यापीठाचं सेमिस्टर शुल्क तीनेकशे युरो, खोलीचं डिपॉझिट पाचशेच्या आसपास आणि थंडीचे कपडे-बूट धरा. सव्वाआठ लाखांच्या जवळ जाता. डिपॉझिट परत मिळतं, ब्लॉक्ड खात्यातून ती दरमहा काढून खाईल आणि काटकसर केली तर काही उरेलही. पण व्हिसाच्या अपॉइंटमेंटच्या वेळी, म्हणजे साधारण जुलैत, जवळपास सगळी रक्कम एकदम उभी करावी लागेल. तुमची एफडी पिकते डिसेंबरात.

पत्रात तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही, बहुधा ती तुम्हाला कुणी सांगितलीच नाही. ही जागा इरास्मस प्लस या युरोपीय संघाच्या शिष्यवृत्ती योजनेतली आहे, की दोन विद्यापीठांमधल्या साध्या कराराची? इरास्मस प्लसची पूर्ण जागा असेल तर युरोपबाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याला 800 ते 900 युरो मिळतात, वर प्रवासासाठी अंतरानुसार वेगळी रक्कम. सहा महिन्यांचे कमीत कमी 4,800 युरो झाले, म्हणजे पाच लाख. साध्या करारात फक्त फी माफ होते. हे कळायला मुलीने उद्या कॉलेजच्या समन्वयकांना एक ईमेल टाकायचा आणि तिकडच्या इंटरनॅशनल ऑफिसला दुसरा. साध्या कराराची जागा असली तरी तिकडे वेगळी शिष्यवृत्ती आहे का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारायचं. आपल्याकडची मुलं हे विचारायला लाजतात, आपण पैसे मागतोय असं त्यांना वाटतं. यात लाजण्यासारखं काही नाही.

शिष्यवृत्ती असेल तर तुमच्या खिशातून जातील तीन लाख, नसेल तर आठ. माझं उत्तर या दोन आकड्यांवर ठरतं.

तुमची आठ लाखांची एफडी नावाला लग्नाची आहे. तुमचा घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला 65-70 हजार होत असणार. नोकरीत खंड पडला, कंपनीने ब्रेक दिला किंवा घरात मोठं आजारपण निघालं, तर सहा महिन्यांसाठी चार लाख हवेत. सेव्हिंगला आहेत दीड. म्हणजे उरलेले अडीच लाख याच एफडीतून येणार. धाकट्याच्या अकरावीचा क्लासही यातूनच निघणार, आणि कॉलेज रोडवरच्या क्लासेसची फी तुम्ही एव्हाना विचारून आला असाल. हे सगळं वजा करून मुलीच्या या सेमिस्टरवर तुम्ही साडेचार, फार तर पाच लाख खर्चू शकता. तीन लाख सहज बसतात. आठ लाख बसत नाहीत.

मुलीच्या कर्जाच्या तयारीचं कौतुक आहे, पण ते काढू नका. 10 टक्के व्याजाने आठ लाखांचा पाच वर्षांचा हप्ता 17 हजारांच्या घरात जातो. घराचा हप्ता धरून 35 हजार झाले. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची प्राप्तिकरात वजावट मिळते खरी, पण ती जुन्या करप्रणालीत. इंजिनीअरिंगच्या मुलाला बाहेरच्या पदवीनंतर पगारात उडी दिसते, म्हणून तिथे कर्जाचं गणित जमू शकतं. इतिहासात एमएनंतर प्राध्यापकीसाठी नेट-सेट परीक्षा, मग पीएचडी, आणि मध्ये तासिका तत्त्वावरची वर्षं. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला 37 हजार, पण ती मिळेपर्यंत हप्ता कोण भरणार? तुम्हीच. एक सेमिस्टर परदेशात काढल्याने या वाटेवर पगार वाढत नाही. ओळखी होतात, भाषा येते, एखाद्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र मिळतं. हे मोलाचं आहे, फक्त कर्जाच्या हप्त्याला कामाचं नाही.

पत्रातल्या शेवटच्या परिच्छेदात तुम्ही लिहिलंय की तिला प्रबंध शरणपूरच्या मिशनवर करायचा आहे. मला ते वाचून बरं वाटलं, कारण शरणपूर रोडवरून आपण रोज जातो आणि तिथे काय होतं हे फार थोड्यांना माहीत असतं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने तिथे ठेवलं, शिकवलं. त्यातला जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी-संशोधकाचं पार्थिव घेऊन लंडनला गेला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता. शरणपूरचे पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस नंतर केनियात मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही सुटका झालेल्या गुलामांची वसाहत वसवायला गेले.

आता त्या सोसायटीची कागदपत्रं कुठे आहेत? इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी रिसर्च लायब्ररीत. तुमची मुलगी निघालीये जर्मनीला, आणि जर्मनीच्या व्हिसावर इंग्लंडमध्ये पाऊल टाकता येत नाही. इतिहासातलं मला फार कळतं असं नाही, पण आठ लाख खर्चून विद्यार्थिनी तिच्या कागदांपासून एक समुद्र अलीकडेच थांबणार असेल तर आर्थिक सल्लागाराने विचारायलाच हवं. कदाचित तिच्याकडे चांगलं उत्तर असेल. तिथले प्राध्यापक मिशनच्या इतिहासावर काम करत असतील, किंवा पुढे पीएचडी तिकडेच करायचा विचार असेल. तिला शांतपणे बसवून विचारा, मेहुणे घरी नसताना.

तर माझं मत. शिष्यवृत्तीची जागा निघाली तर होकार द्या. तेव्हाही एफडी मोडू नका. मुदतीआधी मोडलीत तर बँक साधारणपणे ठेव जितकी राहिली तेवढ्या काळाचा दर लावते आणि वर एक टक्क्यापर्यंत दंड कापते. जुलैत 31 महिने झालेल्या तुमच्या ठेवीवर तो दंडच 20 हजारांच्या आसपास होतो. त्याऐवजी एफडी तारण ठेवून तीन लाखांचं ओव्हरड्राफ्ट, म्हणजे बँकेची उचल, घ्या. एफडीच्या दराच्या एक टक्का वर व्याज लागलं तर पाच महिन्यांचा निव्वळ भुर्दंड साडेबाराशे रुपये. डिसेंबरात एफडी पिकली की ते फेडून टाका. बाहेर पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या आत असाल तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, कापला जात नाही, त्यामुळे त्याची धास्ती नको. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता बहुतेकदा तिथे पोचल्यावर हाती पडतो, म्हणून पहिल्या दोन महिन्यांची रोकड वेगळी धरा.

शिष्यवृत्ती नाही निघाली तर या ऑक्टोबरला नाही म्हणा. त्याऐवजी पुढच्या उन्हाळ्यात तिला तीन आठवडे बर्मिंगहॅमला पाठवा. विमान, व्हिसा, स्वस्तातली खोली मिळून माझ्या अंदाजाने अडीच लाखांच्या आसपास, आणि प्रबंधासाठी लागणारी कागदं ती स्वतः बघून येईल. एमए झाल्यावर इरास्मस मुंडसच्या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांना अर्ज करता येतो. तिथली शिष्यवृत्ती महिन्याला 1,400 युरो आहे, फीही त्यातच सुटते. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत असतात. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीचं नाव कुणी सुचवलं तर एवढं लक्षात ठेवा की ती ठरावीक प्रवर्गांसाठी आहे आणि 2022 पासून भारतीय इतिहास-संस्कृतीवरचे विषय तिच्यातून वगळले आहेत.

होकार देण्याआधी आणखी एक कागद हातात घ्या. जर्मनीचं सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होऊन मार्चअखेर संपतं. त्यात इकडच्या तिसऱ्या सेमिस्टरची परीक्षा आणि चौथ्याची सुरुवात दोन्ही सापडतात. तिकडचे कोणते विषय इकडे किती क्रेडिटना धरले जाणार, हे विभागप्रमुखांच्या सहीनिशी लर्निंग ॲग्रीमेंटवर, म्हणजे विषय आणि क्रेडिटच्या लेखी करारावर, आधी लिहून घ्या. ‘बघू, होऊन जाईल’ असं उत्तर आलं तर ते नाही असंच समजा. क्रेडिट न मिळता वर्ष वाया गेलं तर शिष्यवृत्तीची जागाही महागात पडते.

पीपीएफला कुठल्याही परिस्थितीत हात लावू नका. धाकट्याची बारावी दोन वर्षांवर आहे, आणि त्याला कुठली शाखा घ्यायची ते त्याने अजून सांगितलेलं नाही.