‘बाई लावली तर लोक काय म्हणतील?’

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्या बायका माझ्याकडे येतात त्या वेगवेगळ्या तक्रारी घेऊन. कुणाला झोप लागत नाही, कुणाचं डोकं सतत दुखतं, कुणी नवऱ्याशी बोलणंच टाकलेलं असतं. बोलणं थोडं पुढे गेलं की मात्र एकच प्रश्न निघतो. ‘मदतीला बाई लावली तर मी अंग काढून घेतलं, असं होईल ना?’ वडोदऱ्यात मराठी, गुजराती, सिंधी अशा सगळ्या घरांतून मी हे ऐकलं आहे. पुरुष कमी येतात. येतात तेव्हा तेही हेच विचारतात, पण बायकोच्या वतीने. म्हणून मेधाताईंची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने, आणि नाव व ओळखीच्या खुणा बदलून.

मेधाताई पंचावन्नच्या. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्यांनी बँकेतली नोकरी सोडली. सासूबाई ८३ वर्षांच्या, एकेकाळी गुजराती माध्यमाच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या. ऑपरेशन नीट झालं होतं, वॉकर धरून त्या घरातल्या घरात फिरायच्या. नवरा शिफ्टच्या नोकरीत, धाकटा दीर कॅनडात. आधी घर दांडिया बाजारात होतं. आता मांजलपूरला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेल्या सोसायटीत.

‘मी त्यांच्यावर ओरडते,’ पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या. ‘परवा चहा सांडला तर म्हटलं, मुद्दाम करता का? त्या काही बोलल्या नाहीत. मला रात्रभर झोप नाही.’

‘दिवसभरात तुम्ही घराबाहेर कधी पडता?’

‘दूध आणायला.’

‘आणि त्या?’

मेधाताई नुसत्या बघत राहिल्या. हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नव्हता.

मी माणसाआधी घर बघते. एकटीला समोर बसवून राग कसा आवरायचा ते शिकवायचं आणि पुन्हा त्याच घरात, त्याच कामाच्या ढिगाखाली पाठवायचं, हे मला कधी पटलं नाही. तिचा राग हा बहुतेक वेळा घराच्या वाटणीतल्या चुकीचा आवाज असतो. म्हणून मी त्यांना एक साधं काम दिलं. दिवसभरात आईंसाठी जे जे केलं जातं ते लिहायचं आणि पुढे करणाऱ्याचं नाव टाकायचं. पुढच्या भेटीत पाठपोट भरलेला कागद आला. गोळ्या, अंघोळ, पायाचे व्यायाम, चादर बदलणं, रात्री दोनदा उठून बाथरूमला नेणं. सगळ्यांपुढे एकच नाव. नवऱ्याच्या नावापुढे ‘डॉक्टरांची फी’ आणि दिराच्या नावापुढे ‘पैसे पाठवतो’.

इथे एक गोष्ट मी प्रत्येक सुनेला आवर्जून सांगते. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा आहे. त्यात मुलं म्हणजे कोण ते लिहिलं आहे: मुलगा, मुलगी, नातू, नात. सुनेचं नाव त्यात नाही. कायद्याने ज्यांच्यावर जबाबदारी टाकली ते सगळे आपापल्या कामावर, आणि कायद्याने जिला मोजलंच नाही ती बाथरूमच्या दाराशी टॉवेल घेऊन उभी. हे ऐकून मेधाताईंचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला.

तरी बाई लावायला त्या तयार नव्हत्या. ‘आईंना वाईट वाटेल. त्यांनी त्यांच्या सासूचं सगळं स्वतः केलं.’

‘त्यांना विचारलंत?’

‘असं कसं विचारणार?’

मग मी त्यांच्या घरी गेले. अशा कामात घरी जाऊन सगळ्यांना एकत्र बसवण्यावर माझा फार भरवसा आहे. नवऱ्यालाही थांबवून घेतलं होतं. आई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, ‘दिवसभरात तुम्हाला काय हवंसं वाटतं?’

‘आईला तसं काही लागत नाही,’ मुलगा म्हणाला.

‘चहा तेवढा वेळेवर लागतो,’ मेधाताई म्हणाल्या.

मी म्हटलं, ‘आपण आईंना बोलू देऊ.’ आणि गप्प बसले. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मुलाने दोनदा तोंड उघडलं, मी हातानेच थांबवलं.

‘मेधा फार करते माझं,’ आई हळूहळू म्हणाल्या. ‘पोटची मुलगी करणार नाही इतकं करते. पण सकाळी ही, दुपारी ही, रात्री ही. दांडिया बाजारात ओट्यावर बसलं की जाता-येता दहा जण बोलायचे. इथे लिफ्टने खाली जाऊन बघायचं काय, तर पार्किंग.’ त्या थोडं थांबल्या. ‘मलाही हिच्यापासून जरा सुट्टी हवी आहे.’

मेधाताई पांढऱ्याफटक पडल्या. मी घाईने विचारलं, ‘अंघोळीला बाहेरची बाई आली तर चालेल?’

‘चालेल म्हणजे! सुनेपुढे उघडं बसायला मला लाज वाटते. रोज वाटते. पाणी फार कढत असलं तरी बोलत नाही, एवढं करते, तिला आणखी काय सांगायचं. पैसे घेणारी असेल तर मी तिला गरम-गार सांगू तरी शकेन.’

‘मला एकदा सांगायचं होतंत आई,’ मेधाताई रडत म्हणाल्या.

‘तू एकदा विचारायचं होतंस.’

आणि त्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मुलगा मात्र खाली मान घालून बसला होता.

आजवर मी जे शिकले त्यातलं सगळ्यात मोलाचं मला या पलंगाशेजारी पुन्हा स्पष्ट दिसलं. एकट्याने सगळं करण्याचा हट्ट प्रेमातूनच येतो, पण त्याने दोन माणसं कोंडली जातात. करणारी थकते आणि जिचं करायचं तिच्या जगात एकच चेहरा उरतो. बाहेरचा माणूस घरात येतो तेव्हा फक्त सुनेचं काम कमी होत नाही, म्हातारीला दुसरा आवाज मिळतो. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून आपण ज्या लोकांना दाराबाहेर ठेवतो, नेमके तेच लोक तिला हवे असतात.

मग गाडी भराभर पुढे सरकली. सकाळी तीन तासांसाठी आया आली. पहिले दोन आठवडे मेधाताई घरातच राहिल्या, पण बाथरूमबाहेर. दिराला सांगितलं की पैसे पाठव, पण वेळही दे. तिथली सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ. तेव्हा तो रोज आईशी बोलेल आणि तेवढ्या वेळात मेधाताई फिरायला जातील. औषधं मागवणं, फिजिओथेरपिस्टची वेळ ठरवणं हेही त्याच्याकडे गेलं. फोनवर होणारी कामं कॅनडातूनही होतात. दुसऱ्या मजल्यावरच्या ज्योत्स्नाबेन नेहमी म्हणायच्या, ‘काही लागलं तर सांगा.’ मी मेधाताईंना म्हटलं, अशा माणसाला वार आणि वेळ सांगायची. ‘गुरुवारी पाच ते सहा याल का?’ असं विचारलं की लोक येतात, नुसत्या ‘मदत करा’ने कुणाला काय करायचं ते कळत नाही. ज्योत्स्नाबेन आल्या आणि बरोबर आठवीतल्या नातवाला घेऊन आल्या. त्याचं बीजगणित कच्चं होतं. आईंनी पलंगावर बसूनच पहिला धडा घेतला, गुजरातीत, आणि गृहपाठही दिला.

जपानमध्येही म्हाताऱ्यांचं करणं पिढ्यानपिढ्या थोरल्या सुनेच्या माथी असायचं. २००० साली तिथे दीर्घकालीन देखभालीचा विमा सुरू झाला. चाळिशी ओलांडलेल्यांनी हप्ता भरायचा आणि गरज लागेल तेव्हा अंघोळ घालणारे, घरकामाला मदत करणारे, म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं केंद्र अशा सेवा मिळवायच्या. कुटुंबाला रोख रक्कम द्यायची नाही असंही ठरलं. रोख दिली की सून पुन्हा त्याच कामाला जुंपली जाईल, असं महिला संघटनांचं म्हणणं होतं. दिराचे पैसे येत होते तरी मेधाताई का दमत होत्या, याचं उत्तर मला त्या युक्तिवादात सापडतं. झिम्बाब्वेत २००६ पासून डॉ. डिक्सन चिबांडा यांनी साध्या बाकावर बसून मन मोकळं करण्याची सोय उभी केली, आणि ऐकायला बसवल्या त्या प्रशिक्षण दिलेल्या आज्या. वय झालेल्या माणसाकडे देण्यासारखं काही असतं, हे तिथे गृहीत धरलं आहे. आपल्याकडे केरळात शेजारपाजारचे स्वयंसेवक अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. वडोदऱ्याला हे परकं वाटायचं कारण नाही. सयाजीरावांच्या काळात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जात, कारण वाचणाऱ्याला वाचनालयापर्यंत येता येत नसेल तर पुस्तकाने जावं, असा विचार होता. खाली उतरू न शकणाऱ्या माणसाकडे सोसायटीने तसंच जावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०३० पर्यंत जगातला दर सहावा माणूस साठीच्या पुढचा असेल. सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, ते कार्ड काढून ठेवा. पण घरी परतल्यावर रात्री कोण उठणार, ते त्या कार्डात बसत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत क्रमांक आहे. छळ, मालमत्तेचा वाद, एकटेपणा, कशासाठीही फोन करता येतो, आणि करणाऱ्या सुनेनेही करावा. ओरडण्याच्या पुढे हात उगारावासा वाटू लागला, तर मात्र वाट बघू नका. त्या क्षणी खोलीबाहेर या, घरातल्या दुसऱ्या कुणाला आत पाठवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. असं वाटणाऱ्या कितीतरी चांगल्या बायका मी पाहिल्या आहेत. वेळेवर आल्या, त्यांची घरं सावरली.

मेधाताई अजून महिन्यातून एकदा येतात. रात्रीचा प्रश्न सुटलेला नाही. रात्रीची आया महाग पडते आणि आईंना झोपेत परकं माणूस नको आहे. सध्या नवऱ्याची रात्रपाळी नसेल तेव्हा तो उठतो. आईचा हात धरून बाथरूमपर्यंत न्यायला त्याला शिकावं लागलं. रात्रपाळी असलेल्या आठवड्यांचं काय करायचं, ते पुढच्या बैठकीत ठरवायचं आहे. आईंनी त्यासाठी आपल्या अटी आधीच कागदावर लिहून ठेवल्या आहेत, क्रमांक घालून.